पेटींतील पाणी

आमच्या शाळेच्या संगणक-वर्गांतील जुनीं यंत्रें गेल्या जून महिन्यांत मोडींत काढण्यांत आलीं व त्यांच्या रिकाम्या पेट्या भांडाराच्या ओट्यावर, भंगारवाल्याची वाट पाहत, रचून ठेवण्यांत आल्या. मधल्या सुटींत डबा खाण्यास बसावयाला त्या फार सोयीच्या असत, आणि माझा त्यांच्याशीं पहिला परिचय झाला तो ह्याच नात्यानें. एके दिवशीं मी बसलों होतों त्या पेटीचा एका बाजूचा पत्रा निखळून पडला. आंत डोकावून पाहतों तों कांहीं नाहीं! चार कप्पे, शेंपन्नास भोकें, बोटभर धूळ आणि मागच्या बाजूस एक पंखा. आम्ही मुलें ह्या पेटीस 'सीपीयू' म्हणतों. वास्तविक सीपीयू म्हणजे आंतील एक चौकोनी चकती, विड्याच्या पानावर सहज मावेल एवढी. परंतु लहानाचें नांव मोठ्यास पडलें आणि तेंच रूढ झालें. जिच्यापुढें बसून आमच्या आधींच्या कित्येक विद्यार्थ्यांनीं धडे गिरविले ती पेटी इतकी पोकळ असावी, ह्याचें मला नवल वाटलें.

त्याच आठवड्यांत विज्ञानाच्या तासास सरांनीं बोलतां बोलतां एक गोष्ट सांगितली. १९८४ सालीं अमेरिकेंत ॲपल कंपनीचें मॅकिंटॉश नांवाचें यंत्र निघालें. नऊ इंचांचा पडदा आणि सारें यंत्र एकाच लहानशा पेटींत बसविलेलें होतें. कांहीं वर्षांत तीं यंत्रें जुनीं झालीं. तीं वापरवेनात आणि टाकूनहि देववेनात. तेव्हां १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अँडी इनाट्को ह्या लेखकानें, अशा यंत्राचीं आंतडीं काढून त्यांत कांचेची टांकी बसवावी व मासे सोडावे, ह्याची सविस्तर रीत लिहून काढली. आणि ती 'मॅक्वेरियम' ह्या नांवानें प्रसिद्ध होऊन पुष्कळांनीं उचलली. पाण्याची पातळी पडद्याच्या चौकटीच्या वर राहिली म्हणजे दुरून पाहणारास तें हलतें चित्रच वाटतें.

सरांचें बोलणें संपलें तेव्हां माझ्या मनांतील पेटी पाण्यानें भरूनहि गेली होती. प्रिन्सिपॉल फादरांकडे जाऊन मीं एक पेटी मागितली. ते म्हणाले, "एकच कां? दोन घेऊन जा. पहिली तूं बिघडवशीलच." मीं अभिमानानें एकच आणली.

लोखंडी पत्र्याच्या पेटींत नुसतें पाणी ओतून चालत नाहीं. सांधे गळतात, पत्रा गंजतो. म्हणून आंत कांचेची स्वतंत्र टांकी हवी, आणि बाहेरची पेटी हा तिचा केवळ अंगरखा. माझी पेटी ४२ सेंटिमीटर उंच, ४३ लांब व अवघी १८ रुंद होती. मॅकिंटॉशाला पडद्याची आयती खिडकी असते. माझ्या पेटीस ती नव्हती. ती बाजूच्या पत्र्यांत ग्रिल बनविणाऱ्या एका कारागिराकडून कापवून घेतली व धारेवर रबराची पट्टी बसविली. ही पट्टी आधीं बसवावी कीं मागून, हें माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्यास विचारावें. आंतील कप्पे रिव्हिटांनीं जखडलेले होते. मामांनीं ड्रिलनें रिव्हिटें उडवून ते मोकळे करून दिले. वरचे दोन खण, ज्यांत पूर्वीं सीडी घालीत, ते मात्र मीं मुद्दाम ठेविले. टांकी आंतून ३४ सेंटिमीटर लांब, १४ रुंद व २८ उंच ठरली. तींत २५ सेंटिमीटरांपर्यंत पाणी भरलें म्हणजे जवळ जवळ १२ लिटर होतें.

कांच किती जाड घ्यावी ह्यावर घरांत वाद झाला. माझें म्हणणें, टांकी इतकी अरुंद, पाणी इतकें थोडें, तेव्हां अगदीं पातळ कांच पुरे. माझ्या आजोबांनीं आपली हयात पाटबंधारे खात्यांत घालविली. ते हंसले व म्हणाले, "अरे, धरणाच्या मागें पाणी किती कोस पसरलें आहे तें भिंतीला कळत नसतें. खोल किती, एवढेंच तिला कळतें." मग त्यांनीं कॅलेंडरच्या पानामागें हिशेब मांडला. पाण्याच्या पृष्ठभागीं दाब शून्य, तळाशीं दर चौरस सेंटिमीटरास २५ ग्रॅम, सरासरी साडेबारा. लांब बाजूच्या भिजलेल्या कांचेचें क्षेत्रफळ ३४ गुणिलें २५, म्हणजे ८५० चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तों १०,६२५ ग्रॅम! म्हणजे साडेदहा किलोंहून अधिक रेटा त्या एका कांचेवर रात्रंदिवस राहणार. आणि टांकी १४ सेंटिमीटर रुंद असो कीं तिच्यामागें खडकवासल्याचा सारा जलाशय असो, खोली तीच असेल तर रेटा तेवढाच. हें मीं पुस्तकांत वाचलें होतें, परीक्षेंत लिहून गुणहि मिळविले होते. परंतु तें खरें आहे असें मला त्या दिवशीं प्रथम वाटलें. कांच पांच मिलिमीटरांची घेतली.

दिवाळीच्या सुटींत मीं टांकी जोडली. कांचा सिलिकोननें चिकटवितात. तें वाळतांना व्हिनेगारसारखा आंबट वास येतो, कारण त्यांतून ॲसेटिक ॲसिड बाहेर पडत असतें. (न्हाणीघरासाठीं बुरशी-प्रतिबंधक म्हणून जें विकतात तें घेऊं नये, बुरशीस मारणारें द्रव्य माशांसहि मारतें.) आजोबा म्हणाले, आठवडाभर हात लावूं नकोस. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वास कमी झालासा वाटला, आणि मीं पाणी भरलें. पहिली पंधरा मिनिटें मी फार आनंदांत होतों. नंतर डाव्या कोपऱ्यांतून एक बारीक धार निघाली व आईच्या हांतरलेल्या गालिच्यापर्यंत पोंचली. सर्व सिलिकोन पात्यानें खरवडून काढून पुन्हां जोडणें, ह्यांत सुटी संपली. फादरांची दुसरी पेटी मला त्या दिवशीं आठवली, यद्यपि ह्या कामीं तिचा कांहीं उपयोग झाला नसता.

पेटींत मूळ जो वीजपुरवठ्याचा डबा असतो तो वरच्या बाजूस, म्हणजे माझ्या बाबतींत नेमका पाण्याच्या डोक्यावर होता. २३० व्होल्टांची वीज पाण्यावर टांगणें हा वेडेपणा. शिवाय तो डबा बंद केल्यावरहि आंत कांहीं काळ वीज सांठून राहते, म्हणून तो उघडावयाचाहि नसतो. तो तसाच काढून टाकला. भिंतीपाशीं एक अडॅप्टर ठेवून पेटींत फक्त १२ व्होल्ट आणले व त्यावर दिव्याची पट्टी आणि मागचा जुना पंखा चालविला. पूर्वीं संगणकाचें डोकें थंड ठेवणारा तो पंखा आतां पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालतो, आणि बाष्पीभवनामुळें उकाड्याच्या दिवसांत पाणी एक-दोन अंश थंड राहतें. पांच व्होल्टांवर चालणारा लहान हवा-पंप सीडीच्या वरच्या खणांत बसविला, कारण पंप पाण्याच्या पातळीहून उंच असला म्हणजे वीज गेल्यावर नळींतून पाणी उलटें येत नाहीं. खालच्या खणांत माशांच्या खाद्याची डबी ठेविली. ह्या खणाचा मला सर्वांत अधिक गर्व होता आणि त्यानेंच पुढें माझा घात केला.

एका गोष्टीनें मात्र मला हंसविलें. पेटीच्या दर्शनीं भागावरील बटण दाबतांच दिवा लागावा, अशी माझी फार इच्छा होती. तारा जोडल्या, बटण दाबलें, दिवा लागला. बोट काढलें, दिवा गेला. संगणकाचें तें बटण केवळ इशारा देण्यापुरतें असतें. दाबून सोडलें कीं तें सुटतें, उरलेलें आंतील यंत्र पाहून घेतें. माझ्या पेटींत पाहून घेणारें कोणी नव्हतें. शेवटीं दाबलें असतां दाबलेलेंच राहणारें दुसरें बटण त्याच्या मागें बसवावें लागलें.

असो. विज्ञान-प्रदर्शन डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत होतें, आणि टांकी न गळतां उभी राहिली तेव्हां त्यास तीनच दिवस उरले होते. मासे गप्पी आणले. डांसांच्या अळ्या खातात म्हणून ते हौदांत व विहिरींत सोडण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि नगरपालिकेच्या आरोग्य खात्यांतून ते मिळतात. मला नऊ मिळाले. 'गप्पी' हें नांव गप्पांवरून पडलेलें नाहीं. त्रिनिदाद बेटांतून रॉबर्ट लेचमियर गपी ह्या गृहस्थानें हे मासे ब्रिटिश म्यूझियमकडे धाडले आणि १८६६ सालीं त्यांस त्याचें नांव देण्यांत आलें. आपण त्याचें गप्पी केलें. सरांनीं मला विचारलें, "पाणी भरून किती दिवस झाले?" मीं म्हटलें, "आजच भरलें, सर; क्लोरिन जाण्यासाठीं आदल्या दिवशीं बादलींत ठेविलें होतें." ते म्हणाले, "क्लोरिन गेलें हें ठीक. पण महिनाभर ही टांकी माशांशिवाय चालूं दे. प्रदर्शनांत रिकामीच मांड आणि रिकामी कां, तें लोकांस समजावून सांग." रिकामी टांकी पाहावयास कोण येणार? मीं मान हालविली आणि घरीं जाऊन मासे सोडले.

प्रदर्शनांत माझ्या टेबलाभोंवतीं जी गर्दी जमली तिचें वर्णन करीत नाहीं. प्रत्येकजण एकच प्रश्न विचारी, "संगणक चालतो का?" आणि मी प्रत्येकास सांगें कीं संगणक चालत नाहीं, पाणी चालतें. नंतर मी खालचा खण ओढून चिमूटभर खाद्य टाकीं. मासे वर धांवत, पाहुणे टाळ्या वाजवीत, त्यांचीं मुलें म्हणत, "पुन्हां!" आणि मी पुन्हां टाकीं. दोन दिवसांत किती चिमटी पडल्या ह्याचा हिशेब मीं ठेविला नाहीं. मला दुसरें बक्षीस मिळालें.

माझा धाकटा भाऊ पहिलींत आहे. त्यास नुकतेंच मोजतां येऊं लागलें असल्यामुळें तो घरांतील सर्व वस्तु मोजतो. टांकी घरीं परत आल्यावर रोज सकाळीं खिडकीस नाक लावून मासे मोजणें हा त्याचा नेम झाला. शनिवारीं त्यानें "नऊ" म्हटलें. रविवारीं "सात." मासे पाण्याच्या पृष्ठभागाशीं तोंडें वर करून धापा टाकीत होते, कल्ले लालभडक झाले होते. मला वाटलें हवा कमी पडते. मीं पंप वाढविला. त्या दिवशीं संध्याकाळीं "चार", आणि सोमवारीं सकाळीं "दोन." पाणी अगदीं स्वच्छ होतें. प्रदर्शनाच्या दिवशीं होतें त्याहूनहि स्वच्छ दिसत होतें, आणि हेंच मला कळेना. सात मासे मीं अंगणांतील जास्वंदीच्या बुंध्याशीं पुरले. भाऊ शेजारीं उभा राहून तेहि मोजीत होता.

त्या सोमवारीं शाळेंत सरांनीं विचारलें, "मासे कसे आहेत?" आणि मीं उत्तर दिलें, "उत्तम, सर."

हें वाक्य मीं कां उच्चारलें तें आजहि मला नीट सांगतां येत नाहीं. बक्षिसाचें प्रमाणपत्र दप्तरांतच होतें. दुसऱ्या दिवशीं फादरांनीं निरोप धाडला कीं नाताळच्या समारंभास पालक येतील तेव्हां ती टांकी कार्यालयाच्या ओसरीवर मांडावी. आतां दोनच वाटा होत्या. मीं सोपी धरली. सायंकाळीं पैसे घेऊन माशांच्या दुकानीं गेलों व सात गप्पी मागितले. दुकानदारानें पिशवींत पाणी घेतां घेतां विचारलें, "टांकी किती दिवसांची आहे, बाळ?" मीं सांगितलें, "दहा." त्यानें विचारलें, "पहिले किती मेले?" मी कांहींच बोललों नाहीं. तो म्हणाला, "घेऊन जा, माझें काय जातें? आठवड्यानें आणखी सात न्यावे लागतील, एवढेंच." त्यानें पिशवी पुढें केली, ती मला घेववली नाहीं. तेथून मी थेट सरांच्या घरीं गेलों.

सर रागावतील अशी माझी अपेक्षा होती, आणि रागावते तर बरें झालें असतें. त्यांनीं चहा पाजला व प्रथम विचारलें कीं उरलेले दोन कोठें आहेत. "त्याच पाण्यांत," मीं म्हटलें. ते ताबडतोब उठले. आमच्या घरीं येऊन ते दोन मासे त्यांनीं शिळ्या पाण्याच्या बादलींत काढून ठेवविले आणि रोज निम्में पाणी बदलण्यास सांगितलें. मग एका नळींत टांकींतील पाणी घेऊन त्यांत त्यांनीं औषधाचे थेंब टाकले. पाणी हिरवें झालें. "हा अमोनिया," ते म्हणाले. मासे कल्ल्यांवाटें अमोनिया सोडतात. उरलेलें खाद्य सडून आणखी होतो. त्यास रंग नाहीं, आणि माशांस मारण्यापुरता असतांना आपल्या नाकास वासहि येत नाहीं. नदींत वा जुन्या तळ्यांत कांहीं सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसरे जंतु त्या नायट्राइटाचें नायट्रेट करतात, आणि हें शेवटचें बरेंचसें निरुपद्रवी असून वनस्पति तें खातात. हे जंतु सेर्गेई विनोग्राद्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले. ते पाण्यांत फारसे नसतात. वाळूवर, कांचेवर, स्पंजाच्या छिद्रांत ठाण मांडून राहतात, आणि त्यांची वाढ अत्यंत मंद असते. "तुझ्या पेटींत सगळें होतें," सर म्हणाले, "फक्त ते नव्हते."

बक्षीस परत देतों असें मीं म्हटलें. ते म्हणाले, "तें ठेव. तें पेटीचें आहे. पाण्याचें तुला अजून मिळालेलें नाहीं." फादरांस मात्र मलाच जाऊन सांगावें लागलें. त्यांनीं ऐकून घेतलें व एवढेंच म्हणाले कीं, टांकी मांडावयाची ती मांडूंच, जशी आहे तशी.

त्याप्रमाणें नाताळच्या समारंभांत माझी टांकी ओसरीवर रिकामी उभी राहिली. सरांनीं पूर्वीं सांगितलेलें काम मला तेथें करावें लागलें. पालक विचारीत, "मासे कोठें आहेत?" आणि मला सांगावें लागे कीं सात मेले, माझ्या घाईनें मेले, आणि आतां मी जे वाढवीत आहें ते डोळ्यांस दिसत नाहींत. कांहीं हंसले. एक वृद्ध बाई मात्र बराच वेळ त्या नुसत्या पाण्याकडे पाहत उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "विरजण लागलें नव्हतें म्हण कीं!" पुस्तकांत वाचलेल्या सर्व स्पष्टीकरणांत मला इतकें चपखल कोठेंहि आढळलें नाहीं.

विरजण आणलें तें शेजारच्या काकांकडून. त्यांची टांकी बारा वर्षांची. तिच्यांतील स्पंज त्यांनीं माझ्या टांकींत पिळला तेव्हां जें तपकिरी पाणी निघालें तें पाहून आईनें तोंड फिरविलें. त्यांनींच वॅलिसनेरियाचीं चार रोपें व कांहीं गोगलगाईहि दिल्या. हीच जोडी इंग्रज रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यानें वापरली होती. त्यानें १८५० च्या सुमारास बारा गॅलनांच्या पात्रांत दोन सोनेरी मासे व वॅलिसनेरिया ठेविली. जुनीं पानें कुजून पाणी बिघडूं लागलें, तेव्हां त्यानें तळ्यांतील गोगलगाई सोडल्या, त्यांनीं कुजकें खाल्लें व पाणी निवळलें. पुढें चार वर्षांनीं फिलिप हेन्री गॉस ह्याचें 'ॲक्वेरियम' हें पुस्तक निघालें आणि इंग्लंडांत घरोघर टांक्यांचें वेड पसरलें. त्या वेडांत माझ्यासारखे किती झाले असतील!

मासे नसलेल्या टांकींत मी रोज चिमूटभर, खरोखर एकच चिमूटभर, खाद्य टाकीं, तें सडूं देईं, आणि दर तिसऱ्या दिवशीं थेंब टाकून रंग वहींत टिपून ठेवीं. अमोनिया चढला, आणि एकविसाव्या दिवशीं नाहींसा झाला. मी मासे सोडावयास निघालोंच होतों. सरांनीं दुसरे थेंब टाकण्यास सांगितलें, तों नायट्राइट भरपूर! पहिले जंतु आले होते, दुसरे अजून वाटेंत होते. तीं उरलेलीं दोन आठवडीं मला सर्वांत लांब वाटलीं. भाऊ रोज सकाळीं खिडकीस नाक लावी, मोठ्यानें "शून्य!" म्हणे, आणि शाळेस जाई. छत्तिसाव्या दिवशीं दोन्ही नळ्या स्वच्छ राहिल्या.

बादलींतील दोन मासे जिवंत होते. जानेवारीच्या अखेरीस मीं ते टांकींत सोडले. दोन्ही माद्या आहेत हें तोंवर कळून चुकलें होतें, तेव्हां भावाच्या आंकड्यांत ह्यापुढें फरक पडेल असें मला वाटलें नव्हतें. परंतु फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत एके सकाळीं त्यानें "दोन" म्हणण्यास फार वेळ लावला. मग तो स्वयंपाकघरांत येऊन म्हणाला, "दादा, हे मोजतां येत नाहींत." वॅलिसनेरियाच्या मुळांशीं पापणीच्या केंसाएवढीं पिल्लें थरथरत होतीं.

नर नसतांना पिल्लें कशीं, हें मीं सरांस विचारलें. गप्पीची मादी नराचें बीज कित्येक महिने आपल्या शरीरांत जपून ठेवूं शकते, असें त्यांनीं सांगितलें. म्हणजे डिसेंबरांत जास्वंदीखालीं पुरले त्यांच्यांतल्याच कोणाचीं तरी तीं असलीं पाहिजेत.

मोठे मासे आपलीं पिल्लें खातात, म्हणून मीं शेवाळाचा एक दाट गुच्छ आंत सोडला आहे. बारा लिटर पाण्यांत इतके मासे मोठे होऊं शकणार नाहींत. कांहीं काकांच्या टांकींत जातील, कांहीं आमच्या इमारतीच्या हौदांत. नदींत मात्र सोडावयाचे नाहींत. तेथें ते मूळच्या लहान माशांस जगूं देत नाहींत. आज सकाळीं भावानें पुन्हां मोजले. पहिल्यानें चौदा आले, दुसऱ्यानें सोळा. तिसऱ्यांदां मोजीत असतां शाळेची घंटा झाली.